‘कवि’ की ‘कवी’?

आपली इंदूरची मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीतून शिकतात. दोन्हींची लिपी देवनागरी, म्हणूनच सहावी-सातवीत गोंधळ होतो. हिंदीतला ‘कवि’ मराठीत ‘कवी’ होतो; कारण ‘आणि’सारखे अपवाद सोडले, तर मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहितात. अर्थही फिरतो : हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड!

यासाठी आम्ही मुलांकडून रोज पाच ओळी मोठ्याने वाचून घेतो, मग त्याच ओळींचे शुद्धलेखन घालतो. चुका मूल स्वतः शोधते व दोन रकान्यांत हिंदी-मराठी रूपे लिहिते. पालकांनीही घरी दहा मिनिटे मराठी वाचून घ्यावे, ही विनंती. बोलणे घरात टिकेल. पण वाचन सुटले, तर आजीचे पत्र नातवाला परके होईल.