घरचा संगीत-सर्व्हर : आधी अपाय नको

उपकार करता आला नाही तरी चालेल, परंतु अपाय होऊ देऊ नये, हे वचन आपल्या व्यवसायात प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असते. घरातील संगीत संगणकावर साठवून उत्तम ध्वनीत ऐकू इच्छिणाऱ्या रसिकानेही हेच वचन उशाशी ठेवावे. जाहिराती आवाज ‘सुधारण्याची’ आश्वासने देतात. वस्तुतः मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही ते संगणक निर्माण करू शकत नाही. जे आहे ते वाटेत न गमावता कानापर्यंत पोहोचवणे, एवढेच त्याचे काम. आणि नीट मांडणी केल्यास ते काम तो चोख बजावतो.

रांधा-सिल्वासा परिसरातील मराठी माणसाचे संगीताशी नाते जरा निराळे आहे. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात संगीतकार सुधीर फडके स्वतः उतरले होते आणि त्या लढ्याच्या निधीसाठी लता मंगेशकर १९५४ मध्ये पुण्यात गायल्या होत्या. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. पुढे वर्षाच्या आत, १ एप्रिल १९५५ रोजी, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चे पुणे आकाशवाणीवरून प्रसारण सुरू झाले. त्या गीतांच्या कॅसेट आजही आपल्या कपाटांत सापडतात. त्यांच्या शेजारीच घरगुती मैफल, गणेशोत्सवातील गाणे, क्वचित आजीने म्हटलेल्या ओव्या अशी हाताने नावे लिहिलेली मुद्रणे असतात. गीतरामायण पुन्हा विकत मिळेल. आजीचा आवाज मिळणार नाही. म्हणून सर्व्हरचा आरंभ त्या कॅसेटपासून करावा.

येथील पावसाळा चुंबकीय फितीचा वैरी आहे. दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडवर आणि तेथून पुढच्या कॅसेटवर जाते. संसर्गाचे हे गणित आपल्याला नव्याने सांगायला नको. आधी जाणकाराकडून फीत स्वच्छ करून घ्यावी. वाजवताना हेडचा फितीशी असलेला कोन जुळवावा. तो किंचित ढळला तरी तानेतील धार आणि तंबोऱ्याची झळाळी हरपते. मुद्रण २४ बिटमध्ये करून ती मूळ प्रत जशीच्या तशी जपावी. खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत, कारण खरखरीबरोबर श्वास आणि मींडही पुसली जाऊ शकते. निदान बदलले तरी स्लाइड फेकायची नसते, तसेच हे.

सीडीचे काम त्या मानाने सोपे. तिच्यावर प्रत्येक वाहिनीतील ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने १६ बिटमध्ये नोंदलेले असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. १२८ किलोबिटच्या एमपी-थ्रीमध्ये त्याचा अकरावा हिस्सा उरतो. उरलेले कायमचे गळते, नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही. २००१ मध्ये आलेली फ्लॅक ही पद्धत मात्र एकही बिट न गमावता धारिका निम्म्याच्या आसपास आणते. ५०० सीडींचा संग्रह साधारणपणे २०० गिगाबाइटच्या आत मावतो, तेव्हा जागेची काटकसर करण्याचे कारण उरलेले नाही.

सर्व्हरसाठी महागडा संगणक लागत नाही. पंखा नसलेला, तळहाताएवढा रास्पबेरी पायसारखा संगणक आणि एक हार्ड डिस्क पुरते. डिस्कची घरघर ऐकू येऊ नये म्हणून ती दुसऱ्या खोलीत ठेवावी आणि शक्य तेथे वायरचे जाळे वापरावे. अंकांचे पुन्हा ध्वनिलहरींत रूपांतर करणारे डॅक हे उपकरण स्वतंत्र, बरे घ्यावे आणि संगणकाच्या ध्वनिव्यवस्थेतील ‘सुधारणा’ बंद कराव्यात. ताज्या लाटेत १९२ किलोहर्ट्झच्या धारिका भरमसाट किमतीला विकल्या जातात. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना १५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही आणि सीडी २०,००० हर्ट्झपर्यंतचे सारे सामावून घेते. तो खर्च स्पीकरवर करावा.

त्याहून मोठा फरक खोली पाडते. फरशी, काच आणि मोकळ्या भिंती यांवरून ध्वनी परततो आणि तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात. स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे घ्यावेत. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. सतरंजी अंथरावी, जाड पडदे लावावेत. दोन-चार हजारांचा हा उपाय पुष्कळदा लाखाच्या यंत्राला भारी पडतो.

धारिकांना नावे देताना परदेशी साचा आपल्या संगीताला अपुरा पडतो. राग, ताल, गायक, संगीतकार, स्थळ आणि वर्ष असे रकाने स्वतः करून भरावेत. आकाशवाणीवरील मूळ गीतरामायणातील ५६ गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांनी गायली होती. केवळ संगीतकाराचे नाव लिहिले तर ही माहिती हरवते. घरगुती मुद्रणात मागे तबला कोणाचा, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्यावे. त्या मुद्रणाचा केसपेपर तोच.

एक डिस्क म्हणजे संग्रह नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. वळवाच्या विजेपासून रक्षणासाठी यूपीएस हवा आणि कडकडाट सुरू होताच वायर काढून ठेवण्याची सवयही.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक विनंती. सर्व्हर घरात आला की मुले इयरफोन लावून तासन्‌तास ऐकतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास आहे. अंतर्कर्णातील रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही ठेवता येत नाही. तेव्हा शक्य तेवढे संगीत खोलीत, सर्वांनी मिळून ऐकावे. नातवंडांच्या कानावर पणजीची ओवी पडावी आणि ती ऐकणारे कान शाबूत असावेत, या दोन्ही गोष्टी साधल्या तर खटाटोप कारणी लागला. मृगाच्या सरी येण्यापूर्वी कपाट एकदा उघडून पाहावे.