घाटातली ताकद

अमेरिकेत 1964 साली पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन बसवले. त्या ‘जीटीओ’पासून मसल कारचा जमाना बहरला. ताकद 325 अश्वशक्ती! अशा गाड्यांचा कस पाव मैलात, म्हणजे 402 मीटरच्या सरळ पट्टीवर लागे. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि इशारा होताच सोडायच्या. हीच ड्रॅग रेस. तिथल्या सुरुवातीच्या अनेक शर्यती विमानांच्या धावपट्ट्यांवर झाल्या. आपल्याकडची चेन्नईजवळची शोलावरमची शर्यतींसाठी प्रसिद्ध धावपट्टीही दुसऱ्या महायुद्धातली. पुढे 1973चे तेलसंकट आणि धुराचे कडक नियम आले आणि त्या गाड्या मागे पडल्या. पण तिथल्या लोकांनी त्या जिवापाड जपल्या.

सुरगाणा तालुक्यात मसल कार कुठून येणार? हा नार-पार नद्यांचा, गुजरातला टेकलेला डोंगराळ मुलूख. भात, नागली, वरई पिकवणारा आणि पावसाळ्यात चिखलात बुडणारा. हतगडच्या घाटात 402 मीटर सरळ रस्ता शोधायचा म्हटले तरी कठीण. इथे ताकद मोजायची ती चढावर, भरलेल्या गाडीनिशी. आणि तिथे जीपच खरी.

जीपही त्याच महायुद्धातून आली. के. सी. महिंद्रा युद्धकाळात सरकारी कामासाठी अमेरिकेत होते, तिथे त्यांना विलीज जीपचे मोल कळले. 1945 साली त्यांची कंपनी उभी राहिली आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली. पुढे उंच बोनेटची ‘सीजे-3बी’ आली. तिच्या इंजिनात इनटेकचे व्हॉल्व्ह वरच्या बाजूला गेल्याने इंजिनाची उंची वाढली, म्हणून बोनेट वर उचलावे लागले. ताकद जेमतेम पाऊणशे अश्वशक्तीपर्यंत, जीटीओच्या पाव हिश्शाहूनही कमी. पण फोर-व्हील लावून लो गिअर टाकला की चाकांचा वेग सुमारे अडीचपट घटतो आणि ओढ तेवढीच वाढते. चिखलातून गाडी वर येते ती या ओढीवर. वेगाचा तिथे काही उपयोग नाही.

नंतर प्यूजोच्या रचनेचे डिझेल इंजिन घेऊन ‘एमएम 540’ आली, मग लांब कमांडर. इगतपुरीत इंजिने आणि नाशिकच्या सातपूरमध्ये गाड्या बनू लागल्या, त्यामुळे जीप आपल्या जिल्ह्याचीच झाली. एसटी जिथे पोहोचत नाही, तिथल्या पाड्यांचा बाजार, दवाखाना आणि लग्नाचे वऱ्हाड या जीपने वाहिले. पाटे कडक, टप फाटका, बॅटरी बसली की धक्का. तरी घाट चढायची.

अमेरिकेतल्या त्या गाड्यांइतकाच मान या जीपला मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते. आज मात्र या जीप भंगारात कापल्या जात आहेत. आणि ज्या उरल्या, त्यांतल्या कितीतरी रुंद चाके, भलतेच इंजिन आणि कापलेली बॉडी लावून ओळखू येणार नाहीत अशा केल्या आहेत.

इथे एक नियम ठाऊक असावा. 2021 पासून पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. मात्र चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवे. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येते. अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच चालवता येते.

म्हणून सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या वाचकांना विनंती आहे. गोठ्यामागे किंवा शेडमध्ये जुनी जीप उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आरसी बुक शोधा आणि चॅसी नंबर व इंजिन नंबर त्याच्याशी ताडून पाहा. जुळले, तर ती गाडी कापू देऊ नका.