थंडी खरंच ‘बाधते’ का?

पहाटेचा गारठा, तुम्ही गाडीला किक मारताय आणि मागून आईचा आवाज : ‘कानटोपी घाल, थंडी बाधेल!’ डिसेंबर-जानेवारीत बोदवडमधल्या घराघरांतला हा ठरलेला डायलॉग. आपल्या जळगाव जिल्ह्यात पारा थंडीत 10 अंशांच्याही खाली जातो. रावेर-यावलकडे केळीला चरका बसतो, मग माणसाला का बसू नये?

पण दोस्तहो, केळीला थेट गारठाच मारतो. सर्दीला मात्र विषाणू लागतो. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीला 1946 ते 1989 पर्यंत खास सर्दीवर संशोधन करणारं केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांना अंघोळीनंतर ओल्या अंगानं वाऱ्यात उभं केलं (बिचारे!). नुसतं कुडकुडून कुणाला सर्दी झाली नाही.

म्हणजे आई चुकली? थांबा. 2005 मध्ये कार्डिफ विद्यापीठात 90 जणांनी 20 मिनिटं थंडगार पाण्यात पाय बुडवले, 90 जण कोरडे बसले. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या 13 जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्यातल्या पाचच जणांनी. अंदाज असा, की गारठ्यानं नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथला बंदोबस्त ढिला पडतो आणि आधीच दबा धरून बसलेला विषाणू डोकं वर काढतो. अर्थात त्यांच्या नाकात विषाणू होता का, हे कुणी तपासलं नव्हतं. पुढे 2015 मध्ये येल विद्यापीठात उंदरांच्या पेशींवर दिसलं, की सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस 37 पेक्षा 33 अंशांना जास्त फोफावतो, कारण तेव्हा पेशींचा प्रतिकार मंदावतो. आणि 33 अंश म्हणजे साधारण आपल्या नाकातलं तापमान!

तरी माझं बोट खिडकीकडेच जातं. भुसावळला अप-डाऊन करताना थंडीत डब्याच्या, एस.टी.च्या सगळ्या खिडक्या बंद. एक जण शिंकला, की तीच हवा सगळ्यांच्या नाकात. नुसत्या थंडीवर खापर फोडायचं, तर 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूनं थैमान घातलं ते ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात!

कानटोपी घालाच, दम्याचा त्रास असेल तर नाकावर मफलरही, कारण गार हवेनं दमा उसळतो. पण ताप-खोकला असेल तर भरीत पार्टीला दांडी मारा आणि घरी आजीपासून लांब झोपा. तुमचा फ्लू आठवड्यात बरा होईल. सत्तरीतल्या आजीला तोच दवाखान्यात पोचवू शकतो.