पाखरांचे दाणे, उंदरांची चंगळ

उत्तर कोलकात्यातील बागबाजारजवळच्या गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पाखरांचा बाजार भरतो. महाराष्ट्रात ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हटले जाते, ती बजरीगर पाखरे येथे ‘बदरी’ या नावाने ओळखली जातात. या महानगराची पक्षिप्रीती फार जुनी आहे. राजेंद्र मल्लिक यांनी १८३५ मध्ये बांधलेल्या मार्बल पॅलेसच्या आवारात देशोदेशींचे पशुपक्षी होते. अलीपूर प्राणिसंग्रहालयाचे रामब्रह्म सन्याल यांनी बंदिस्त प्राण्यांच्या निगराणीवर १८९२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. शहराजवळच्या आगरपाडा येथील बागेत पक्षिगृह बाळगणारे पक्षितज्ज्ञ सत्यचरण लाहा यांचे बंगालमधील पाळीव पक्ष्यांवरील पुस्तक १९२३ मध्ये निघाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पोपट, मुनिया असे देशी पक्षी आता पाळता येत नाहीत. त्यामुळे परसातल्या पक्षिगृहांत मुख्यत्वे बजरीगर, झेब्रा फिंच अशी परदेशी पाखरे नांदताना दिसतात.

परंतु पक्षिगृह उभे राहिले की काही महिन्यांतच तेथे एक अनाहूत पाहुणा दाखल होतो, तो म्हणजे उंदीर! एखादाच दिसला म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते आणि तेथेच नुकसानीची सुरुवात होते. रात्री उंदरांच्या धावपळीने पाखरे दचकतात, अंधारात जाळीवर आदळतात, घरट्यातून उठलेली मादी परत अंड्यांवर बसत नाही. मोठे उंदीर तर अंडी आणि पिले पळवतात. लेंड्यांमुळे दाणापाणी दूषित होऊन पाखरांना साल्मोनेलासारखे जंतुसंसर्ग होतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळले, तर पक्षिगृह झाडणाऱ्या माणसालाही लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. शिवाय उंदरांमागोमाग धामणही येते आणि ती पिलांनाही सोडत नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ चार मुठी दाण्यांचा नाही.

तीन चोर, तीन वाटा

घुसखोर कोण, हे प्रथम ओळखावे लागते. घरातला लहान उंदीर जेमतेम १५-२० ग्रॅम वजनाचा असतो आणि सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरतो. काळा उंदीर झाडावरून, तारेवरून छपरावर उतरतो. तिसरी घूस, ती जमिनीखालून येते. कोलकात्यातील धान्याच्या गोदामांत घुशींनीच आपले बस्तान बसवले असल्याचे जे. जे. स्पिलेट यांच्या १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले होते. गंगेच्या गाळाची मऊ माती त्यांना बिळे करण्यास सोयीची आणि पावसात बिळे भरली की पक्षिगृहाची कोरडी जमीन हा आयता आसरा!

हिशेब दाण्यांचा

हे सारे चोर येतात ते पाखरांसाठी नव्हे, तर प्रामुख्याने दाण्यांसाठी. त्यामुळे बंदोबस्ताची सुरुवात सापळ्यापासून न करता हिशेबापासून करणे शहाणपणाचे ठरते. एका बजरीगराला दिवसाला साधारण ८ ग्रॅम दाणे लागतात असे धरले, तर २० पाखरांना महिन्याला ४.८ किलो पुरतात. प्रत्यक्षात ७ किलो दाणे संपत असतील, तर २.२ किलोंचा जमाखर्च लागत नाही. लहान उंदीर दिवसाला ३ ते ४ ग्रॅम खातो. या हिशेबाने ती तूट सुमारे २० उंदरांचे महिन्याचे पोट भरण्यास पुरेशी आहे! अर्थात, त्यातील काही दाणे सांडून वाया गेलेले असतात. पण सांडलेला दाणा हेच तर उंदरासाठी निमंत्रण असते.

मादीचा गर्भकाळ अवघा १९ ते २१ दिवसांचा. एका वेतात साधारण पाच-सहा पिले आणि तीही सहा आठवड्यांच्या सुमारास प्रजननक्षम होतात. अशा परिस्थितीत आठवड्याला दोन-तीन उंदीर पकडून काहीच साधत नाही. अन्न उघडे आहे तोवर रिकाम्या झालेल्या जागी नवे उंदीर येतच राहतात.

म्हणून राळा, बाजरी इत्यादी धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवावे. पोते किंवा प्लॅस्टिकची बरणी उंदीर सहज कुरतडतो. सकाळी मोजून दाणे घालावेत आणि सूर्यास्तापूर्वी भांडी उचलून घ्यावीत. बजरीगर दाणा सोलून खातो व टरफले भांड्यातच टाकतो. त्यामुळे रिकामे भांडेही भरल्यासारखे दिसते. टरफले फुंकून मगच नवे दाणे घालावेत. भांड्याखाली खोलगट ताट ठेवल्यास सांडलवंड त्यातच राहते.

वाटा बंद करणे

पक्षिगृहाला सर्रास अर्धा इंची जाळी लावली जाते. ती मोठ्या उंदराला रोखते, लहान उंदराला नव्हे. त्यासाठी पाव इंची मजबूत जस्ती जाळी आवश्यक आहे. नव्या जाळीवर जस्ताचे कण सुटे राहतात व ते पोटात गेल्यास पाखरांना विषबाधा होते. म्हणून जाळी बसवण्यापूर्वी व्हिनेगरने घासून धुवावी. घुशीसाठी जमीन सिमेंटची करावी. ते शक्य नसल्यास जाळी एक फूट खोल पुरून तळाशी ती बाहेरच्या बाजूला आणखी एक फूट आडवी वळवावी; उकरणारा प्राणी तेथे अडतो. छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात आणि भिंतीलगत विटा, लाकडे, अडगळ यांचा ढीग होऊ देऊ नये.

हे सारे झाल्यावर आत उरलेल्यांसाठी सापळे. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. त्यामुळे पिंजरा भिंतीला लागून, रोजच्या वाटेवर, खोबऱ्याचा तुकडा लावून ठेवावा. खटक्याचा सापळा मात्र पाखरांचा पाय पोहोचणार नाही अशा खोक्यात, पक्षिगृहाबाहेरच असावा. चिकट फळे वापरू नयेत; त्यांत उंदराचे हाल होतात व पाखरूही अडकते.

विषाचा मोह तर कटाक्षाने टाळावा. झिंक फॉस्फाइड पाखराच्या पोटात गेले, तर ते दगावते. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो. दरम्यान तो दाणे ओढत हिंडतो आणि सुस्तावलेला असताना मांजराच्या वा घुबडाच्या तोंडी पडतो. ते विष मग त्यांच्याही शरीरात उतरते. बंगालमध्ये पांढऱ्या गव्हाणी घुबडाला ‘लक्ष्मीपेंचा’ म्हणतात. दुर्गापूजेच्या मांडवात गणपतीचा उंदीर आणि लक्ष्मीचे घुबड एकाच चौथऱ्यावर दिसतात. अंगणाबाहेर मात्र हेच घुबड रात्रभर उंदीर टिपत विनामोबदला राखण करीत असते. विष घालून त्या राखणदारालाच गमावणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे.

तिजोरीचे दार उघडे ठेवून चोराच्या मागे धावण्यात अर्थ नसतो, हे बँकेशी संबंध असलेल्या कोणालाही वेगळे सांगावयास नको. पक्षिगृहालाही तोच नियम लागू पडतो. आधी दाणे झाकावेत, मग फटी बुजवाव्यात आणि सापळा अखेरीस लावावा. रोज सायंकाळी भांडी उचलण्याची पाच मिनिटांची सवय लागली, तर पाखरांची रात्र निर्धास्त जाते आणि महिनाअखेरीस दाण्यांचा हिशेबही जुळतो.