दुकानदाराचा अधिकार आणि गिऱ्हाइकाची अब्रू

1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. त्याच्याभोवती सेक्टरांची वसाहत वसली; विदर्भासह भारताच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे आली. अशा नव्या गावात दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचा पिढीजात परिचय क्वचितच असावयाचा. त्यातून आजच्या दुकानात गिऱ्हाईक आपल्या हाताने माल उचलते आणि दाराशी रखवालदार उभा असतो. परिचयाची जागा पहाऱ्याने घेतली की संशयालाही जागा मिळते.

समजा, तेथील सिव्हिक सेंटरमधील एका दुकानातून बाहेर पडणाऱ्या बाईला रखवालदाराने हटकले. पिशवीत साबणाची वडी आहे, पावती मात्र सापडत नाही. बाईंना आतल्या खोलीत बसवून दार लावून घेण्यात आले. हे कायद्याला धरून झाले काय?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून अमलात आहे. तिच्या 40 व्या कलमान्वये खाजगी व्यक्तीलाही अटक करता येते. परंतु गुन्हा तिच्या समक्ष घडलेला असावा, आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र असावा. नुसता संशय किंवा दुसऱ्याचे सांगणे पुरत नाही. पकडलेल्या माणसास विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. सहा तास ही कमाल मर्यादा आहे. तितका वेळ बसवून ठेवण्याचा तो परवाना नव्हे.

येथे एक अडचण आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी प्रथमच सिद्ध झाली आणि माल परत मिळाला, तर न्याय संहितेच्या 303 व्या कलमाने समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे, आणि असा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र मानला आहे. उलट, माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरीला 305 व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणते कलम लागू पडते याचा निवाडा दुकानाच्या दारात व्हावयाचा नाही. शहाण्या दुकानदाराने नम्रपणे पावती विचारावी आणि गरज पडल्यास 112 क्रमांकावर पोलिसांना बोलवावे.

आपला माल वाचविण्यापुरते आवश्यक तेवढे बळ वापरण्यास कायद्याची ना नाही. पण माल हाती आला की तो हक्क संपतो. अटक झालेल्याची अंगझडती घेण्याचा अधिकार पोलिसांचा आहे, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच, तिची लाज राखून घ्यावयाची असते. धाक घालून लिहून घेतलेला कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही. दहापट दंड उकळणे ही खंडणी ठरू शकते. छायाचित्र भिंतीवर लावल्यास बदनामीचा दावा अंगावर येऊ शकतो. अन्यायाने कोंडून ठेवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

गिऱ्हाइकाचीही जबाबदारी आहे. पावती जपावी, विचारल्यास दाखवावी, झटापट करू नये आणि वाद मिटत नसेल तर पोलिसांना बोलावण्याचा आग्रह आपणच धरावा. पोलिसांनी अटक केल्यास तिचे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क संविधानाच्या 22 व्या अनुच्छेदाने दिला आहे.

त्या बाईंची पावती कदाचित घरी पोहोचल्यावर पदराच्या गाठीत सापडेल. साबणाच्या वडीची किंमत भरून देता येते. चार लोकांदेखत गेलेली अब्रू मात्र तशी भरून देता येत नाही. म्हणूनच पकडणे, तपास करणे आणि शिक्षा देणे ही तीन कामे कायद्याने तीन निरनिराळ्या हातांत ठेवली आहेत.