प्रेसिडेंटचा करंट

सकाळी साडेआठ. गणपती गेले, पाऊस ओसरला की घाटकोपरच्या आमच्या गाळ्यासमोर जुन्या गाड्या लागू लागतात. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या या गाड्या दसऱ्याला रस्त्यावर काढायच्या असतात. आजची गाडी मुलुंडची, 1973 ची प्रीमियर प्रेसिडेंट. पुढच्या वर्षी याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. हिचा जन्म कुर्ल्याचा, वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. एलबीएस रोडने येताना ती भांडुपला बंद पडली होती.

“मिस्त्री, सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही,” गाडीवाले काका म्हणाले.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉईंटच्या दोन्ही तोंडांवर राखाडी थर, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ. गाडी उभी राहिली की दमट हवेत पॉईंट गंजतात, आणि कंडेन्सर कमजोर असला की एका तोंडाचा धातू दुसऱ्यावर जाऊन बसतो. पॉलिश पेपर फिरवला की गाडी चालू होते, महिन्याभराने पुन्हा तेच.

नऊ. काका इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं ठरवूनच आले होते, तरी मनात धाकधूक होती. गाडीला 50 वर्षं झाली, विंटेज म्हणून नोंदवायची आहे. 2021 च्या केंद्राच्या नियमात गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, असं आहे. मी सांगितलं, “काका, इंजिनाला हात लावत नाही. एकही भोक पाडायचं नाही, एकही वायर कापायची नाही. जे बसेल ते कॅपखाली बसेल, आणि तुमचे पॉईंट डबीत घालून तुम्हालाच देईन.”

ही पॉईंटची रचना चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅकसाठी केली. ती इतकी वर्षं टिकली, यातच तिची थोरवी आली. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असताना चार सिलिंडरच्या गाडीत पॉईंट सेकंदाला 100 वेळा उघडतात. एवढं काम करणारा तो इवलासा सांधा पूर्वी कुठल्याही टॅक्सी स्टँडजवळच्या दुकानात मिळायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली. आता जे पॉईंट हाती येतात त्यांची टाच लवकर झिजते. टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. म्हणूनच मी बदलाच्या बाजूचा आहे. जुनी रचना वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही.

साडेनऊ. खरं काम इथे सुरू होतं. रोटर धरून शाफ्ट आडवा हलवला, तर हाताला खेळ लागला. फिलर गेज घेऊन कॅमच्या चारही कोनांवर गॅप मोजली: 0.40, 0.48, 0.37, 0.45 मिलिमीटर. एकाच पॉईंटची चार मापं येतात, याचा अर्थ खालचा बुश गेला आहे आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं पडतं आहे.

अशा डिस्ट्रिब्युटरवर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट चढवणं मला पटत नाही. गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण आत शाफ्ट डुलतच राहतो आणि एक दिवस चुंबकाची रिंग सेन्सरला घासते. आधी बुश, मग किट.

साडेदहा. रोटर कुठे बघतोय त्याची खूण बॉडीवर केली, वायरींना नंबर लावले आणि डिस्ट्रिब्युटर उतरवला. माझ्या हाताखालचा मुलगा तो फडक्यात गुंडाळून मेट्रोने साकीनाक्याला घेऊन गेला. घाटकोपरहून जागृती नगर, असल्फा, मग साकीनाका. तिथल्या गाळ्यातले लेथवाले फॉस्फर ब्राँझचा बुश शाफ्टच्या मापाने काढून देतात. येताना कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवी कॅप आणि रोटर आण म्हणून सांगितलं. कॅपला केसासारखी चीर असली की पावसात करंट तिथूनच पळतो, मग खाली पॉईंट असोत की इलेक्ट्रॉनिक्स.

तो येईपर्यंत कॉइल मोजली. 3.2 ओहम, म्हणजे 12 व्होल्टला पावणेचार अँपिअर. किटला चालेल. दीड ओहमची कॉइल असती तर दुप्पट करंट जाऊन किटचं मॉड्यूल जळालं असतं.

दीड. डबा.

अडीच. बुश घट्ट बसला, शाफ्ट बोटाने अलगद फिरतो, आडवा हलत नाही. वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा साफ करून तेलाचा थेंब दिला. किट बसलं तरी ते काम त्यांचंच राहतं.

आता किट. पॉईंट आणि कंडेन्सर काढले, पॉईंटच्या जागी काळा सेन्सर बसवला, कॅमवर चुंबकाची रिंग दाबली, मधलं अंतर किटसोबतच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने लावलं. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. प्लेटची अर्थिंगची वायर जुनी होती, ती नवी घातली. रिंगमुळे रोटर किंचित वर उचलला जातो, म्हणून कॅप लावून शाफ्ट हाताने पूर्ण फिरवून पाहिला. कुठे लागत नाही. एवढ्याला वीस मिनिटं पुरली.

साडेतीन. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि मुलाला हँडल मारायला सांगितलं. हवेचा दाब अंगठ्याला लागला, पुलीची खूण जुळली, त्या जागी डिस्ट्रिब्युटर बसवला. वायरी 1-3-4-2. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. टायमिंग लाईट धरली. सकाळी पॉईंट घासून गाडी चालू केली होती तेव्हा पुलीवरची खूण नाचत होती, आता जागेवर थिजल्यासारखी दिसते. बुश बदलल्याचा पुरावा तो हाच. टायमिंग मात्र नव्याने लावावंच लागतं, पॉईंटचं जुनं चालत नाही.

पाच. काकांना शेजारी बसवून एलबीएस रोडने कांजूरमार्गच्या गांधीनगर नाक्यापर्यंत. तिथे गर्दीत पंधरा मिनिटं अडकलो आणि मला तेच हवं होतं, कारण बॉनेटखाली गरम झालं की सेन्सरची परीक्षा होते. आयडलिंग हललं नाही. मग पवईकडच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढून पाहिली. मिसिंग नाही.

परतताना पीयूसी केली. या वयाच्या पेट्रोल गाडीला सीओ 3 टक्के आणि एचसी 1,500 पीपीएम अशी मर्यादा असते. मिसिंग थांबलं की न जळलेलं पेट्रोल बाहेर पडत नाही आणि एचसी खाली येतो. सीओ कार्बुरेटरवर अवलंबून, तो थोडा वर होता, स्क्रू अर्धा फेरा फिरवला.

साडेसहा. काकांना दोन गोष्टी सांगितल्या. इंजिन बंद असताना चावी ऑनवर ठेवून रेडिओ ऐकायचा नाही, मॉड्यूल तापतं. आणि डबी गाडीतच ठेवायची: साफ केलेले पॉईंट, कंडेन्सर, दोन स्क्रू, फिलर गेजचं एक पातं. सेन्सर गेला तर तो रस्त्यात दुरुस्त होत नाही, पॉईंट मात्र कुठेही बसवता येतात. ते कसे, हे काकांच्या हातून एकदा करवून घेतलं. नोंदणीच्या वेळी मूळ सामान दाखवायला लागलं तर तेही हाताशी आहे.

साडेसात. उद्या बोरिवलीहून मॉरिस मायनर येते आहे. ती पॉझिटिव्ह अर्थची. आजचं किट तिला लावलं तर चावी फिरवताच जळेल. पॉझिटिव्ह अर्थचं किट आणि डिस्ट्रिब्युटरवरचा नंबर जुळतोय का, हे दुकानदाराला फोन करून विचारलं, नंबर पाटीवर लिहिला आणि शटर ओढलं.