यंत्रे तितक्या प्रकृती!

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण संगणकांनाही लागू पडते, हे या अंकाचा मजकूर टंकित करताना मला कळले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, निपाणीच्या मराठी शाळेतून आलेला. टॅलीपलीकडे संगणकाशी माझा संबंध नव्हता. पण मराठी व कन्नड दोन्ही येतात म्हणून हे काम माझ्याकडे आले आणि प्रयोगशाळेतील वीस लिनक्स यंत्रांशी गाठ पडली. एकावर कन्नड जोडाक्षरे सुरेख उमटत, शेजारच्यावर नुसते चौकोन! तिसऱ्याचा आतला सेल संपून घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले. त्यामुळे त्यावर सुरक्षित संकेतस्थळे उघडेनात. कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत यंत्र आपल्याच घड्याळाशी ताडून पाहते.

शाळेत घंटा होते, प्रार्थना होते, हजेरी होते. मगच वर्ग भरतात. यंत्र सुरू होतानाही अशी तीन कामे नेमून देता येतात.

पहिले, वेळ. १९८५ पासून चालत आलेल्या एनटीपी या पद्धतीने यंत्र सर्व्हरला वेळ विचारते. प्रश्न जाऊन उत्तर येण्यास लागलेला काळ मोजते, त्याचा निम्मा भाग हिशेबात धरते आणि घड्याळ लावते.

दुसरे, फाईली. पासबुक आणि आपली वही ताडताना आपण सारी वही पुन्हा लिहीत नाही. फरकाच्या नोंदी तेवढ्या घेतो. १९९६ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेला आरसिंक हा प्रोग्राम हेच करतो. फाईलचा आकार व तारीख ताडतो आणि बदललेला भागच पाठवतो.

तिसरे, अपडेट. सर्व्हरने ते एकदाच उतरवून घ्यायचे, बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचे. मात्र वीसही यंत्रे एकदम मागू लागली तर गर्दी होते. म्हणून प्रत्येकाला थोडे मागेपुढे थांबवतात. मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहते, हेही ध्यानात ठेवावे लागते. पुण्याच्या आयसरमधील 'परम ब्रह्म' हा महासंगणकही अनेक लिनक्स यंत्रांचा मेळच आहे.

आता माझी चूक सांगतो. कन्नड विभागातील एका मैत्रिणीची कथा मी टंकित करून सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. सर्व्हरवर जे नाही ते इतरांवरून पुसून टाकावे, अशी आज्ञा त्या फोल्डरला होती. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले आणि कथा नाहीशी! आठ दिवसांची मेहनत गेली. सुदैवाने तिची हस्तलिखित वही होती. ती वाचत गेली, मी पुन्हा टंकित करत गेलो.

आरसिंक चुकला नव्हता. त्याने सांगितले तेच केले. सामायिक फोल्डर आम्हांला फक्त वाचण्यापुरता असायला हवा होता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे ठप्प झाली. चूकही तितक्याच इमानाने सगळीकडे पोहोचते! म्हणून अपडेट आधी एकाच यंत्रावर तपासावे.

वाचकहो, सारी यंत्रे एकसारखी करण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: मूळ प्रत कोणती, आणि ज्याचे त्याच्याकडेच राहू द्यायचे ते काय. कन्नड विभागातील ती कथा आता तीन ठिकाणी जपून ठेवली आहे.